पौर्णिमेनंतरचा रविवार

2019 साली 19 एप्रिलला शुक्रवार होता. त्या दिवशी सूर्योदयाला चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मारुतीच्या देवळांत जन्मोत्सव झाला, सुंठवडा वाटला गेला. दुपारी बारा ते तीन या भागातल्या चर्चांमध्ये माणसं वधस्तंभावरच्या येशूचे सात उद्गार ऐकत बसली होती, कारण तोच दिवस उत्तम शुक्रवारचा होता. कालनिर्णयच्या एकाच चौकटीत हनुमान जयंती आणि गुड फ्रायडे.

योगायोग म्हणून सोडून द्यावं असं हे नाही. 2018 मध्ये हनुमान जयंती 31 मार्चला, शनिवारी होती. दुसऱ्या दिवशी ईस्टर. 2022 मध्ये हनुमान जयंती 16 एप्रिलला, पुन्हा शनिवारी. दुसऱ्या दिवशी ईस्टर. 2023 आणि 2026 मध्ये गुरुवारी हनुमान जयंती आणि लगेचच्या रविवारी ईस्टर. 2024 मध्ये मात्र ईस्टर 31 मार्चला येऊन गेला आणि हनुमान जयंती थेट 23 एप्रिलला उगवली. पण त्या वर्षी 25 मार्चला धुळवड होती, म्हणजे आधीच्या रविवारी होळी पेटली होती. एक पौर्णिमा चुकली, तर ईस्टरनं तिच्या आधीची पौर्णिमा धरली होती.

नियम सांगायला सोपा आहे. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमा रविवारीच आली तर एक आठवडा थांबायचं. 2025 मध्ये तसंच झालं, म्हणून ईस्टर 20 एप्रिलला गेला. या हिशेबानं तारीख 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यात कुठेही पडू शकते. नाताळ सूर्याच्या कॅलेंडरला खिळलेला आहे, तो हलत नाही. ईस्टर मात्र आपल्या सणांसारखा तिथीनं चालतो, आणि वर त्याला रविवारही लागतो.

चंद्र यात कसा आला? येशूला वधस्तंभावर दिलं ते यरुशलेमात वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि यहुद्यांचा वल्हांडण वसंतातल्या पौर्णिमेला असतो. पुढे ख्रिस्ती जगात वाद पेटला की हा दिवस पाळायचा तरी कधी. तिथी धरायची की वार? 325 साली नायसियाच्या परिषदेत ठरलं की सगळ्यांनी एकाच रविवारी साजरा करायचा. ठरवणं सोपं होतं. आलेक्झांड्रियापासून रोमपर्यंत सगळ्यांना तो रविवार आधीपासून कळला पाहिजे, म्हणजे पौर्णिमेचं गणित वर्षानुवर्षं पुढचं मांडून ठेवायला हवं. त्यासाठी त्यांनी जी युक्ती वापरली ती वाचून मी चकित झालो, कारण ती आपल्या घरात भिंतीवर टांगलेली असते.

चंद्राचे 235 महिने आणि सूर्याची 19 वर्षं जवळजवळ तंतोतंत सारखी भरतात. फरक उरतो तो 19 वर्षांत जेमतेम दोन तासांचा. आता 19 वर्षांचे बारा-बारा चांद्रमास धरले तर होतात 228. मग वरचे 7 कुठून आणायचे? अधिक महिन्यांतून. पंचांगात 19 वर्षांत साधारण 7 अधिक मास येतात ते याच हिशेबानं, आणि चर्चच्या तक्त्यातही 19 वर्षांचं हेच चक्र फिरतं. अधिकात जावयाला अनारसे वाढणारी सासू आणि अंधाऱ्या खोलीत ईस्टरचे तक्ते लिहिणारा भिक्षू, दोघांच्या मागे तेच सात महिने उभे आहेत.

एक मेख आहे. पंचांगवाला खरा चंद्र पाहतो, म्हणजे निदान त्याची खरी जागा काढतो. चर्च मात्र तक्त्यातला चंद्र धरतं, आणि तो कधीकधी आकाशातल्या चंद्राशी पटत नाही. 2019 मध्ये हेच झालं. त्या वर्षी भारतीय वेळेनुसार 21 मार्चच्या पहाटे साडेतीनच्या सुमाराला वसंतसंपात झाला आणि चार तासांच्या आत, सव्वासातला, पौर्णिमा पूर्ण झाली. ती धुळवडीची सकाळ होती. आकाशाचं ऐकलं असतं तर ईस्टर 24 मार्चला आला असता. पण तक्त्यात ती पौर्णिमा 20 मार्चला, म्हणजे एक दिवस आधीच होऊन गेलेली. मग पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबणं आलं, ईस्टर 21 एप्रिलवर गेला आणि उत्तम शुक्रवार हनुमान जयंतीवर येऊन बसला. त्या बाबतीत मला आपल्या पंचांगकर्त्यांचा पक्ष जरा जास्त पटतो. 2019 मध्ये 19 मिळवा: 2038. त्या वर्षी तक्त्यातली पौर्णिमा पुन्हा तीच, 18 एप्रिल, पण वार रविवार. म्हणजे आणखी एक आठवडा पुढे, 25 एप्रिल, याहून उशिरा ईस्टर येऊच शकत नाही. याआधी तो 25 एप्रिलला आला होता 1943 मध्ये.

25 एप्रिलच्या उन्हात बल्लारपुरात ईस्टरचा केक करायचा म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बल्लारपूर हे वर्धा नदीकाठचं गाव. गोंड राजांचा किल्ला, कोळशाच्या खाणी, कागदाची गिरणी आणि बल्हारशा जंक्शन. दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग इथून जातो, त्यामुळे गाव लहान असलं तरी त्याच्या फलाटावर सगळ्या दक्षिणेची वर्दळ असते. खाणीत, गिरणीत, रेल्वेत, चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात, भद्रावतीच्या आयुध निर्माणीत कामाला म्हणून आलेली मल्याळी, तेलुगू, तमिळ कुटुंबं इथं रुजली. 1962 मध्ये रोमनं केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी चांद्याला स्वतंत्र धर्मक्षेत्र नेमून दिलं. 1977 मध्ये त्याचा रीतसर धर्मप्रांत झाला, आणि बिशपांचं ठाणं आहे बल्लारपुरात. 1962 मध्ये गडचिरोली जिल्हा नव्हता, तो 1982 मध्ये चंद्रपुरातून निघाला. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत, म्हणून प्रांताचं नाव अजून जुनंच, चांदा. या मंडळींच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन चांद्यात काम करत होतं. तिथून वाढलेली मराठी प्रॉटेस्टंट मंडळी पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली, ज्याची स्थापना 29 नोव्हेंबर 1970 रोजी आपल्या नागपुरातच झाली. दक्षिणेला सिरोंच्याकडे मेथडिस्ट. एकूण आकडा लहानच, दोन्ही जिल्ह्यांत ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्काही नाही. पण त्या एका टक्क्याच्या आत इतके पंथ, इतक्या भाषा आणि इतक्या चवी आहेत की ईस्टर एकच असला तरी तो एकसारखा नसतो.

उपवासापासूनच फरक सुरू होतो. रोमन पद्धतीच्या चर्चमध्ये राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून उपवासकाळ सुरू होतो. तिथपासून ईस्टरपर्यंत 46 दिवस, त्यातले रविवार वगळले की 40. सिरो-मलबार मंडळींत राख लागते ती त्याच्या दोन दिवस आधी, सोमवारी, आणि ते या काळाला पन्नास दिवसांचा उपवास म्हणतात. जुन्या रिवाजाप्रमाणे मांस, मासे, अंडी आणि दूधदुभतं, सगळं बंद. मराठी प्रॉटेस्टंटांच्या घरी एवढं कडक नसतं. कुणी शुक्रवार पाळतं, कुणी चहा सोडतं, कुणी काहीच सोडत नाही आणि पाळकसाहेबही विचारत नाहीत.

ईस्टरच्या केकच्या आधी, गुरुवारी रात्री, मल्याळी घरांत आणखी एक गोष्ट शिजते. पेसहा अप्पम. तांदूळ आणि उडदाची डाळ वाटून, आंबवू न देता, वाफवलेली जाड भाकरीसारखी गोल वडी. आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, चर्चमधून आणलेल्या झावळीची दोन बारीक पानं तिच्यावर क्रुसासारखी ठेवतात. सोबत नारळाच्या दुधात गूळ घालून केलेलं गोड दूध. घरातला कर्ता पुरुष प्रार्थना करतो, अप्पम कापतो आणि वयाप्रमाणे एकेकाच्या हातात देतो. हा वल्हांडणाचाच धागा आहे: मिसर देशातून निघताना पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून बेखमीर भाकर. हजारो वर्षांनी, हजारो किलोमीटरांवर, ती भाकर उडीद-तांदळाची झाली आणि इडलीपात्रात शिजली.

या अप्पमचा एक रिवाज मला केकपेक्षाही थोर वाटतो. ज्या घरात वर्षभरात मयत झालेलं असेल, त्या घरात तो करत नाहीत. शेजारी आणि नातलग करून आणून देतात. आपल्याकडे अशा घरी पहिल्या दिवाळीला फराळाचा घाणा घालत नाहीत आणि आळीतल्या बायका डबे नेऊन देतात, तेच. बल्लारपूरच्या वसाहतीत या दोन्ही पद्धती भिंतीला भिंत लावून राहतात, त्यामुळे कुणाला कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. मल्याळी चेचीच्या, म्हणजे ताईच्या, घरी दुःख असलं तर गुरुवारी कोण काय आणणार हे शेजारच्या काकूंना ठाऊक असतं. त्या अप्पम करत नाहीत, पण त्या संध्याकाळचा भात त्यांच्याकडून जातो.

आता अंड्याकडे येऊ, कारण केकचं मूळ तिथं आहे आणि माझं सगळ्यात मोठं कुतूहलही.

मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात अंडी वर्ज्य होती. माणसांना. कोंबड्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. उलट, कोंबडी जोरात अंडी घालायला लागते ती नेमकी याच दिवसांत. एक अंडं घडायला साधारण 25 तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाला. हे यंत्र सुरू करायचं की बंद ठेवायचं हे कोंबडी उजेडावरून ठरवते. हिवाळ्यात दिवस लहान झाले की थांबते, वसंतात वाढले की सुरू. आणि हा उजेड ती केवळ डोळ्यांनी मोजत नाही. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात. पिसं, कातडी आणि कवटीचं पातळ हाड ओलांडून आत झिरपलेला अंधूक उजेड त्या थेट टिपतात. कोंबडीला डोक्यातून दिवस कळतो! दिवस वाढला की मेंदू संप्रेरकं सोडतो आणि अंडाशय कामाला लागतो.

लंडनला सर्वांत लहान दिवस आठ तासांहून कमी, सर्वांत मोठा साडेसोळा तासांचा. एवढ्या फरकानं तिथली जुन्या काळची कोंबडी हिवाळ्यात जवळजवळ बंदच असे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घरभर अंडी. त्याच वेळी धर्मानं खायला बंदी. अंडी साठत गेली, उकडून ठेवली गेली, रंगवली गेली. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या 1290 च्या हिशेबवहीत 450 अंडी रंगवून, सोन्याचा वर्ख लावून ईस्टरला वाटण्यासाठी 18 पेन्सचा खर्च पडल्याची नोंद आहे. उरलेल्या अंड्यांचं काय करायचं, याचं उत्तर म्हणजे ईस्टरचे सगळे गोड पदार्थ: रशियाचा उंच कुलिच, इटलीतला कबुतराच्या आकाराचा कोलोम्बा, आणि इंग्लंडचा सिम्नेल केक. सिम्नेल हा सुक्या मेव्याचा केक. बदामाच्या मार्झिपानचा एक थर त्याच्या पोटात घालूनच तो भाजतात, दुसरा थर वर पसरतात, आणि त्यावर मार्झिपानचे 11 गोळे मांडतात. बारा शिष्यांतून यहूदा वगळून अकरा. केकवर बसवलेला हा बहिष्कार मला नेहमी मजेशीर वाटतो.

गडचिरोलीला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात फरक अडीच तासांचाही नाही. इथल्या गावठी कोंबडीला वसंताची ती हाक तेवढी ऐकू येत नाही. तिला जास्त छळतो तो उन्हाळा. म्हणजे ज्या कारणानं युरोपात ईस्टर आणि अंडं एकत्र आले, ते कारण इथं लागू नाही. सण आला, अंडं आलं, पण अंड्याचा सुकाळ युरोपातच राहिला. त्यात आणखी एक गंमत: आपल्या गावांतल्या बऱ्याच केकच्या दुकानांवर 'शंभर टक्के एगलेस' अशी पाटी असते. अंडी उरली म्हणून जन्मलेला केक इथं अंड्याशिवाय मिळतो म्हणून खपतो. वाढदिवसाला ते चालून जातं. ईस्टरला मात्र या घरांत अंडं लागतंच, कारण पन्नास दिवस ते ताटात नव्हतं.

खरा प्रश्न उन्हाचा. लोणी बत्तीस-पस्तीस अंशांपाशी वितळतं. चॉकलेटातलं कोकोचं लोणी तेहेतीस-चौतीस अंशांना, आपल्या तोंडाच्या उष्णतेच्या जरा खाली. चॉकलेट जिभेवर विरघळतं ते म्हणूनच. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं 1873 मध्ये पोकळ चॉकलेटचं अंडं बाजारात आणलं, दोन वर्षांनी कॅडबरीनं, आणि थंड देशांत ईस्टर म्हणजे चॉकलेट हे समीकरण बसलं. एप्रिलमधल्या चंद्रपुरात दुपारी पारा चाळिशी ओलांडून पुढे गेलेला असतो. तिथं ते अंडं दुकानातून घरापर्यंत अंडं म्हणून पोचत नाही. क्रीमच्या केकचंही तेच. बेकरीतले चाचा दरवर्षी तेच ऐकवतात, "क्रीम लावून देतो, पण घरापावेतो पाणी होते, मंग मले बोल लावू नका."

उष्ण प्रदेशांनी यावर फार पूर्वी तोडगा काढला आहे. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत आणि गोव्यात ईस्टरची अंडी मार्झिपानची असतात, तीही बदामाऐवजी काजूची. काजू आणि साखर, पाणी नावापुरतं. त्यात वितळण्यासारखं फारसं काही नाही, आणि एवढ्या साखरेत जंतूंना प्यायला पाणी उरत नाही. गुलाबी, हिरवी, पिवळी ही अंडी फळीवर निवांत आठवडा काढतात. बल्लारपुरात मुंबईकडचे नातलग असलेल्या घरी ती पार्सलनं येतात. बाकीच्यांचा भर असतो क्रीम नसलेल्या केकवर: भरपूर अंडी, काळा गूळ नाहीतर जाळलेली साखर, काजू, बेदाणे आणि टुटीफ्रुटी. ही टुटीफ्रुटी म्हणजे पाकात मुरवून रंगवलेली कच्ची पपई, हे अजूनही कित्येकांना खरं वाटत नाही.

आता घरोघरी ओटीजी आलेत. त्याआधी कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी जाड मीठ किंवा वाळू पसरून, त्यावर केकचं भांडं ठेवून भाजायची पद्धत होती. मीठ उष्णता धरून ठेवतं आणि खालून जळू देत नाही. पण मोठा सण असला की केक भट्टीवर जायचा, जशी दिवाळीत नानकटाई जाते. काही घरांतून तो अजूनही जातो.

शनिवारी सकाळी नऊच्या पुढे बेकरीच्या मागच्या दाराशी उभं राहिलं तर हे दिसतं. रात्रभर पाव भाजून झालेले असतात. लाकडं केव्हाच ओढून काढलेली, भट्टीत जाळ नाही, पण विटांनी पोटभर खाल्लेली उष्णता हळूहळू बाहेर सोडायला सुरुवात केलेली असते. पावाला सव्वादोनशे अंशांच्या वर लागतं, केकला पावणेदोनशेच्या आसपास. त्यामुळे भट्टीचा क्रम ठरलेला: आधी पाव, मग खारी-बिस्किटं, उतरत्या आचेवर केक. चाचा आत हात घालतात, मनातल्या मनात काही मोजतात आणि म्हणतात, "आणा." तापमापक नाही. ॲल्युमिनियमचे डबे, त्यांच्या कडेला खडूनं लिहिलेली आडनावं. एकाच गल्लीतली दोन सारखी आडनावं असली तर एकाच्या पुढे 'रेल्वे' आणि दुसऱ्याच्या पुढे 'पेपरमिल'. लांब दांड्याच्या पाटीवरून डबे एकेक करून आत सरकतात.

आत जे घडतं ती एक शर्यत आहे. अंडी आणि साखर घोटताना त्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकलेले असतात. भट्टीत ते फुगतात, पाण्याची वाफ त्यांना आणखी ताणते. त्याच वेळी साठ-पासष्ट अंशांच्या पुढे अंड्यातली प्रथिनं घट्ट व्हायला लागतात आणि मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुलतो. बुडबुडे पुरते फुगायच्या आत भिंती घट्ट झाल्या तर केक दडस. भिंती घट्ट व्हायच्या आत बुडबुडे फुटले तर मधोमध खड्डा. साखर मध्ये पडून प्रथिनांना थोडं उशिरा घट्ट होऊ देते, म्हणून साखर कमी करून 'हेल्दी' केक करायला गेलं की तो बसतो. बेकिंग पावडर आली 1843 मध्ये. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं ती बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नव्हतं. तिला अंडंही चालत नसे, म्हणून त्यानं त्याआधी बिनअंड्याची कस्टर्ड पावडरही काढली होती. एका बायकोच्या पथ्यानं जगाची अर्धी बेकरी उभी राहिली. त्याआधी केक फुगवायचा तर बऱ्याचदा अंडी तासभर घोटावी लागत.

या भागातल्या केकमध्ये एक गोष्ट सहज जायला हवी होती आणि फारशी गेलेली नाही: मोह. मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे नेमक्या ईस्टरच्या दिवसांत, गडचिरोलीच्या जंगलात मोहफुलं गळतात. फुलं उमलतात रात्री, त्यांच्या वासानं फळवटवाघळं येतात, गोड पाकळ्या खाता खाता परागकण इकडचे तिकडे करतात, आणि पहाटे ती मांसल, फिक्या पिवळ्या रंगाची फुलं टपटप खाली पडतात. सूर्य वर यायच्या आत वेचायची, कारण मग अस्वल, हरणं आणि गुरंही वाटा मागायला येतात. घरंच्या घरं टोपल्या घेऊन पहाटे तीन-चारला झाडाखाली असतात. वाळली की ही फुलं तांबूस-तपकिरी, चिवट, हुबेहूब बेदाण्यासारखी होतात, आणि त्यांच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच असतो. दारूमुळे मोहाचं नाव बदनाम झालं. पण त्याचे लाडू होतात, भाकरीत घालतात, भाजून तिळाबरोबर कुटतात. मी ती फुलं धुऊन, मधला पुंकेसरांचा झुपका काढून, कोमट पाण्यात फुलवून बेदाण्यांच्या जागी केकमध्ये घातली. वास थोडा उग्र, पहिल्या घासाला जंगल जाणवतं. दुसऱ्या दिवशी तो वास मुरतो आणि केक खजुराकडे झुकतो. जायफळ घालायचं, वेलची नाही.

मोह वेचणारे जंगलात असतात त्याच वेळी गावात ईस्टर उजाडतो. कॅथलिकांची जागरणाची उपासना शनिवारी रात्रीच झालेली असते: चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून एक उंच मेणबत्ती लावतात जिच्यावर त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात, आणि मग तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या. सिरो-मलबार घरांत मध्यरात्रीनंतर परतल्यावर उपवास सुटतो. पांढरे जाळीदार अप्पम, स्ट्यू, आणि पन्नास दिवसांनंतरचं पहिलं अंडं. मराठी मंडळी पहाटेची उपासना करतात. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी लोक पहाटे कब्रस्तानात जातात, आदल्या दिवशी झाडून-पुसून ठेवलेल्या कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि तिथंच गातात. आजोबांच्या कबरीपाशी पोरं झोपाळलेली उभी असतात. साडेसातला ऊन चटका द्यायला लागायच्या आत सगळे घरी.

मग केक कापला जातो आणि वाटपाला निघतो. याची यादी लिहिलेली नसते, पण चुकतही नाही. शेजारचं घर, समोरचं घर, कॉलनीचे वॉचमन, दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या सिस्टर, किराणावाले, आणि भट्टीवाले चाचा, ज्यांनी तो भाजलेला असतो. वर स्टीलची वाटी पालथी घालून बशा जातात. अंडं न खाणाऱ्या घरांसाठी वेगळा, बिनअंड्याचा, ती बशी घेऊन पोरं मोठ्यानं ओरडत जातात, "काकू, हा तुमचा, एगलेस!"

बशी रिकामी परत द्यायची नाही, हे इथं सगळ्यांना पाठ आहे. काय परत येतं ते पुन्हा चंद्रावर. चैत्र तृतीयेला चैत्रगौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि चैत्री पौर्णिमेनंतरचा ईस्टर या महिन्याच्या मधोमध येतो. त्या वर्षी केकच्या बशीतून हळदीकुंकवाची कैरीची डाळ परत येते, सोबत पन्ह्याचा तांब्या. केकवर कैरीची डाळ हे कुणी ठरवून लावलेलं जेवण नाही, पण एकदा चव लागली की सोडवत नाही. गोडावर ती आंबट-तिखट ओल फार बरी लागते.

ईस्टर होळीच्या पौर्णिमेमागे आला की हे जमत नाही. 2027 मध्ये तो 28 मार्चला आहे आणि गुढीपाडवा 7 एप्रिलला, म्हणजे गौर बसलेली नसेल, कैऱ्याही कोवळ्याच. त्या वर्षी बशीत साखर नाहीतर घरात असेल ते येईल. 2028 मध्ये ईस्टर 16 एप्रिलला, हनुमान जयंतीच्या पुढच्या रविवारी. डाळ भिजत घालायला हरकत नाही.